छतावर सोलर बसवताना ‘थांबा’ कधी म्हणायचं?



फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली, तेव्हापासून गटाच्या बैठकीत सोलरचा विषय सारखा निघतो. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान, हे आता बहुतेकींना पाठ झालंय. बिल किती वाचेल, कर्जाचा हप्ता किती बसेल, याचा हिशोबही आपण बोटांवर करतो. पण ज्या दोन-तीन दिवसांत माणसं आपल्या छतावर चढून हे काम करतात, त्या दिवसांबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

त्या दिवशी घरी कोण असतं? बहुतेक वेळा आपणच. शिडी कुठंय, मेन स्विच कुठंय, पाणी कुठं मिळेल, हे कामगार आपल्यालाच विचारतात. चहाही आपल्याच हातचा. मग कामावर लक्षही आपणच ठेवायला हवं. त्यासाठी वायरमन व्हायची गरज नाही. काय बघायचं आणि कोणत्या वेळी ‘थांबा’ म्हणायचं, एवढं कळलं की पुष्कळ झालं. हा पाठ तेवढ्यासाठीच आहे.

सोलरच्या कामात जीवावर बेतणारे धोके मुख्यतः तीन. पहिला उंचीवरून पडण्याचा, दुसरा करंटचा आणि तिसरा वारा, वीज, आग यांचा. एकेक करून समजून घेऊ.

आधी आपलं छत ओळखा

तीन किलोवॅटला आजकालच्या मोठ्या प्लेटा साधारण सहा लागतात. एक प्लेट साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २८ ते ३० किलो वजनाची असते. सगळं मिळून जागा लागते साधारण ३०० चौरस फूट. म्हणजे वजन एका जागी फार नसतं, पण छत धड हवं.

स्लॅबचं घर असेल तर खालून वर बघा. छताच्या पोटात सळ्या उघड्या पडल्यात का, गंजल्यात का, पावसाळ्यात गळतं का? तसं असेल तर आधी स्लॅबची दुरुस्ती, मग सोलर. प्लेटा एकदा बसल्या की त्या २० ते २५ वर्षं तिथेच राहणार. खालची गळती नंतर काढणं अवघड जातं.

मराठवाड्यात, खानदेशात अजून धाब्याची, माळवदाची घरं आहेत. मातीच्या धाब्यावर सांगाडा रोवू नका. अंगणात किंवा परसात पक्के खांब उभे करून त्यावर प्लेटा बसवता येतात. कौलारू घराचंही तसंच. कौलावर भार टाकायचा नाही. सांगाड्याचा आधार भिंतीवर, पक्क्या वाशांवर नाहीतर वेगळ्या खांबांवर हवा.

सगळ्यात फसवा असतो सिमेंटचा पत्रा. लांबून दणकट दिसतो, पण माणसाचं वजन पडलं की वाकत नाही, एकदम फुटतो. आणि माणूस पत्र्यासकट थेट खालच्या फरशीवर येतो. पावसात वर्षानुवर्षं भिजलेला पत्रा तर आणखीच ठिसूळ. म्हणून सिमेंटच्या पत्र्यावर कुणीही थेट पाय ठेवायचा नाही, मग तो कितीही हलका असो. आडव्या पाइपांवर किंवा वाशांवर टेकतील अशा लांब, जाड फळ्या टाकायच्या आणि फळीवरूनच चालायचं. पत्र्यावर स्क्रूची जी ओळ दिसते तिच्या खाली पाइप असतो, दोन ओळींच्या मध्ये नुसती पोकळी.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो. तो कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुफ्फुसाला फार घातक. भोक पाडायचंच असेल तर जागा पाण्याने ओली करून, तोंडाला मास्क बांधून. त्या वेळी खालच्या खोलीतली माणसं, लेकरं बाहेर काढा. पीठ, धान्य, पाण्याचे हंडे झाकून ठेवा. पडलेली धूळ कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

चढताना, उतरताना

“ताई, आमचं रोजचंच काम आहे,” हे वाक्य कामगारांच्या तोंडी हमखास असतं. काम रोजचं असतं हे खरं, पण पडायला एकच दिवस पुरतो. हा कामगार परका नसतो. बऱ्याचदा तो आपल्याच गावचा, आपल्याच एखाद्या गटातल्या ताईचा मुलगा असतो.

माणसं वर चढण्याआधी या गोष्टी बघा.

शिडी सपाट, टणक जागेवर टेकलेली असावी. भिंतीच्या चार फूट उंचीला शिडीचा पाय साधारण एक फूट पुढे हवा. छताच्या कडेच्या वर शिडी तीन फूट तरी निघालेली असावी, म्हणजे उतरताना धरायला आधार राहतो. वरचं टोक बांधलेलं हवं, आणि चढताना एकाने खाली धरलेली हवी.

सेफ्टी बेल्ट पूर्ण अंगाचा हवा, खांदे आणि मांड्या दोन्हीकडून धरणारा. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. पडल्यावर झटका सगळा कमरेवर आणि पाठीच्या मणक्यावर येतो. नुसता बेल्ट घालूनही भागत नाही, त्याची दोरी पक्क्या ठिकाणी बांधलेली पाहिजे. पाण्याची प्लास्टिकची टाकी, डिशचा पाइप, छताचा तकलादू कठडा, अर्धवट उभा केलेला सोलरचा सांगाडा ही पक्की ठिकाणं नाहीत. बेल्ट अंगावर आहे आणि दोरी हवेत लोंबकळतेय, असं दिसलं तर ‘थांबा’.

हेल्मेट वर चढणाऱ्याला हवंच, खाली उभं राहून सामान देणाऱ्यालाही हवं. पायात न घसरणारे बूट असावेत. चप्पल घालून किंवा अनवाणी पत्र्यावर चढणं नको. सकाळचं दव असेल, पावसाचा शिंतोडा असेल तर लोखंडी पत्रा साबणासारखा निसरडा होतो. अशा वेळी ते सुकेपर्यंत काम बंद.

प्लेट दोघांनी उचलायची. एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हाताने शिडी, असं कुणी चढत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. जिना असेल तर जिन्याने, नसेल तर दोरीने बांधून सावकाश वर ओढायची. वारा सुटला असेल तर प्लेट हातात शिडासारखी फिरते आणि धरणाऱ्याला छताच्या कडेला घेऊन जाते. जोराच्या वाऱ्यात प्लेटा चढवायच्या नाहीत.

खालच्या बाजूला, जिथे पाना-हातोडा पडू शकतो तेवढी जागा दोरी लावून अडवा. काम संपेपर्यंत तिथे लेकरं नकोत, म्हातारी माणसं नकोत, गुरं बांधायची नाहीत. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतील तर आदल्या दिवशीच काढून ठेवा, म्हणजे मध्येच वर जायची वेळ येणार नाही.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा उन्हात छतावर चक्कर येणं म्हणजे पडणंच. काम सकाळी लवकर सुरू करायला सांगा, दुपारी सावलीत विश्रांती, पुन्हा उन्हं कलल्यावर. पाणी, मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक वरचेवर द्या. आणि १८ वर्षांखालचा पोरगा मदतनीस म्हणून आणला असेल तर त्याला वर जाऊ देऊ नका.

छताजवळून तार जाते का?

घराच्या वरून किंवा बाजूने महावितरणची तार जात असेल तर हे आधीच सांगा. गावातल्या साध्या लाइनची उघडी तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि छताच्या वर किमान २.५ मीटर दूर असावी, असा नियम आहे. पण हे अंतर इमारतीसाठी झालं. ज्याच्या हातात वीस फुटी लोखंडी पाइप किंवा ॲल्युमिनियमची शिडी आहे त्याला ते पुरत नाही. वळताना पाइपाचं टोक तारेला लागलं की माणूस वाचणं कठीण. तार जवळ असेल तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन तेवढा वेळ लाइन बंद करून घ्यावी. बंद झाल्याची खात्री महावितरणच्या माणसाकडूनच करायची, अंदाजाने नाही.

प्लेटला बटण नसतं

हा या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बैठकीत वाचताना दोनदा वाचा.

घरातल्या दिव्याचं बटण बंद केलं की करंट थांबतो. मेन स्विच पाडला की सगळं घर बंद. त्यामुळे आपल्याला सवय लागलीय की लाइट गेली म्हणजे तारेत काही नाही. सोलरला हे लागू नाही. प्लेटवर उजेड पडला की ती वीज तयार करते. तिला बटण नसतं. घराचा मेन स्विच पाडा, गावाची लाइट जाऊ द्या, इन्व्हर्टर बंद करा, तरी प्लेटपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांमध्ये दिवसभर दाब असतोच. ढगाळ दिवशीही असतो.

आणि तो दाब थोडाथोडका नसतो. एका मोठ्या प्लेटचा ४० ते ५० व्होल्ट. सहा प्लेटा एकामागोमाग जोडल्या की २५० ते ३०० व्होल्ट. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, हे लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे ही वीज डीसी असते. घरातली एसी वीज एका सेकंदात १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे तार सुटली आणि ठिणगी पडली तरी ती बऱ्याचदा आपोआप विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही. तिची ठिणगी पेटली की पेटत राहते आणि आजूबाजूचं प्लास्टिक जाळते. म्हणून प्लेटांचं काळं कनेक्टर करंट चालू असताना ओढून काढायचं नसतं. आधी एसीचा स्विच बंद, मग डीसीचा स्विच बंद, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात.

आपण काय बघायचं?

* प्लेटांच्या तारा खास सोलरच्या डीसी वायरच्या असाव्यात. घरात वापरायची साधी वायर उन्हात दोन-चार वर्षांत तडकते.
* दोन तारांची टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर ‘थांबा’. जोड कनेक्टरनेच हवा, आणि तो ‘टक’ असा आवाज येऊन बसला पाहिजे. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसवू नयेत. जोड सैल राहतो, गरम होतो आणि पेटतो.
* तारा पाइपातून गेलेल्या असाव्यात. पत्र्याच्या धारदार कडेवर घासणाऱ्या, जमिनीवर लोळणाऱ्या किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला बांधलेल्या नकोत. माकडं, खारी, उंदीर यांच्यापासूनही पाइपच वाचवतो.
* डीसीचा वेगळा डबा, एसीचा वेगळा डबा हवा. त्यात योग्य एमसीबी आणि वीज उसळली तर ती जमिनीत सोडणारं सर्ज संरक्षण असावं. एसीची एमसीबी डीसीला चालत नाही.
* जोडणी करणाऱ्याचे हात कोरडे हवेत, हातमोजे घातलेले हवेत. घामाने निथळणाऱ्या माणसाला आधी हात पुसायला कोरडं फडकं द्या.

अर्थिंगमध्ये काटकसर नको

ठेकेदाराला पैसे वाचवायचे असतील तर पहिली कात्री अर्थिंगला लागते, कारण ते जमिनीखाली जातं, दिसत नाही. सोलरला तीन अर्थिंग हवीत. एक प्लेटा आणि लोखंडी सांगाडा यांच्यासाठी, दुसरं इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी, तिसरं वीजरोधकासाठी. तिन्हींचे खड्डे वेगळे. एकाच खड्ड्यात तीन तारा बांधून ‘झालं’ म्हणणं चालणार नाही. बोअरचा पाइप किंवा नळाचा पाइप म्हणजेही अर्थिंग नव्हे.

अर्थिंग नीट नसेल आणि एखादी तार सोलून सांगाड्याला टेकली तर अख्खा सांगाडा करंट धरतो. दुसऱ्या दिवशी त्याच सांगाड्याला ओलं लुगडं वाळत घालायला जाणारा हात कुणाचा असतो?

खड्डे भरण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर मशीन लावून अर्थिंग मोजून दाखवायला सांगा. आकडा ५ ओहमपेक्षा कमी हवा. तो वहीत लिहून घ्या, ठेकेदाराची सही घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यांना अधूनमधून पाणी घालत जा.

वळवाच्या दिवसांत काम चालू असेल आणि आभाळ गडगडायला लागलं तर सगळ्यांना लगेच खाली बोलवा. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास कुणीही वर जायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, त्यात जवळपास वीज पडण्याची शक्यता कळते. ते फोनमध्ये घेऊन ठेवलेलं बरं.

वाऱ्याचा हिशोब

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगर भागात आलं. कोकणातल्या मैत्रिणींना घरांचे पत्रे कसे उडाले ते सांगायला नको. वळवाचा वारा तर सगळीकडेच येतो. तिरपी बसवलेली प्लेट वाऱ्याला पत्र्यापेक्षाही जास्त जागा देते. वारा तिला खालून उचलतो. उडालेली प्लेट शेजारच्या अंगणात कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही.

म्हणून सांगाडा ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकेल असा आहे, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या. लोखंड गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं हवं. नुसता रंग मारलेला अँगल कोकणातल्या खाऱ्या हवेत लवकर गंजतो. नटबोल्ट न गंजणारे हवेत. प्रत्येक प्लेट चार ठिकाणी आवळलेली हवी. काम झाल्यावर ठेकेदारालाच सांगाड्याला हाताने हलवून दाखवायला सांगा. कुरकुरला, डुलला तर काम अपुरं आहे.

इन्व्हर्टरची जागा आपण ठरवायची

ठेकेदाराला जिथे वायर कमी लागते तिथे तो इन्व्हर्टर लावू बघतो. आपण मात्र घर बघून जागा ठरवायची. इन्व्हर्टर गरम होतो, त्याला मोकळी हवा लागते. तो सावलीत, भिंतीवर, लेकरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर असावा. चुलीच्या, गॅसच्या जवळ नको. मोरीच्या शिंतोड्यात नको.

विदर्भात कापूस घरातच साठवतात. ज्या खोलीत कापूस असतो तिथे इन्व्हर्टर किंवा सोलरचा डबा अजिबात नको. एक ठिणगी, आणि वर्षभराची कमाई घरासकट गेली. कडबा, गवत, गोवऱ्या, सरपण, रॉकेल, पेट्रोल, बारदाना यांचंही तेच. इन्व्हर्टरच्या खाली आणि आजूबाजूला जागा मोकळी ठेवा. लाकडी फळीवर तो लावू देऊ नका.

बॅटरीचं सोलर घेणार असाल तर आणखी एक काळजी. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. ती झोपायच्या खोलीत नको, देवघराजवळ नको, हवेशीर जागी ठेवा. बॅटरीत पाणी घालताना दिवा किंवा काडी जवळ नेऊ नका.

नेट मीटर लागेपर्यंत सुरू करायचं नाही

प्लेटा बसल्या, ऊनही पडलंय, मग “तात्पुरतं चालू करून देतो” असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. महावितरणने तपासून नेट मीटर लावल्यावरच सोलर सुरू करायचं. मीटरला हात लावायचा हक्क फक्त महावितरणचा.

यात दुसऱ्याच्या जीवाचाही प्रश्न आहे. गावाची लाइट बंद करून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी आपल्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर तो जागीच जाईल. म्हणून चांगला इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो. “दिवसा लाइट गेली तर आमचं सोलर पण बंद का?” असं पुष्कळ जणी विचारतात. तो बिघाड नाही, त्या वायरमनसाठी ठेवलेली सोय आहे. कुणी जुगाड करून ही सोय काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बसल्यानंतरची काळजी

प्लेटांवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून धुवाव्या लागतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, प्लेटा गार असताना धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. साधं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरा. राख, तारेची घासणी, कपड्यांचा सोडा नको. प्लेटवर पाय देऊन उभं राहू नका, तडे आतल्या आत जातात आणि दिसत नाहीत. छताच्या कडेला जाऊन, वाकून धुवावं लागत असेल तर ते काम आपलं नाही, बेल्ट लावणाऱ्याचं आहे. या योजनेत पाच वर्षं देखभाल करून देणं ठेकेदारावर बंधनकारक आहे. ते हक्काने मागा.

गारपिटीत प्लेट फुटली, वाऱ्याने तार सुटली, पुराचं पाणी इन्व्हर्टरपर्यंत आलं, तर हात लावायचा नाही. फुटलेली प्लेटही उजेडात वीज करते. ओल्या जमिनीवर उभं राहून तिला धरणं म्हणजे उघडी तार धरण्यासारखं. लेकरांना लांब ठेवा, ठेकेदाराला बोलवा.

काही झालंच तर

करंट लागलेल्या माणसाला थेट धरू नका. आधी स्विच बंद करा. पण प्लेटच्या तारेला चिकटला असेल तर स्विचने भागणार नाही. कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या पाइपने तार बाजूला करा. लगेच १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून जोरात आणि भरभर दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आला, ठीक वाटला, तरी दवाखान्यात न्यायचंच. करंटचा मार आत बसलेला असतो.

उंचावरून पडलेल्या माणसाला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मान-पाठ न हलवता आहे तसा झोपवून ठेवा आणि १०८ ची वाट बघा.

इन्व्हर्टरने पेट घेतला तर पाणी टाकू नका. घरातल्यांना बाहेर काढा. जवळ जाता येत असेल तरच स्विच बंद करा. कोरड्या पावडरचं आग विझवायचं नळकांडं असेल तर लांबूनच वापरा. ११२ ला किंवा अग्निशमनला फोन करताना “घरावर सोलर आहे” हे पहिल्यांदा सांगा, म्हणजे पाणी मारणाऱ्यांनाही धोका कळेल. महावितरणच्या लाइनची तक्रार असेल तर १९१२.

हे नंबर आणि ‘बंद करायचं कसं’ याची पायरी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून इन्व्हर्टरजवळ चिकटवा. काम पूर्ण झाल्याच्या दिवशी ठेकेदाराकडून स्वतःच्या हाताने एकदा बंद-चालू करून शिका. घरातल्या प्रत्येकाला शिकवा, सासूबाईंनाही.

‘थांबा’ म्हणायचं कसं?

माहिती असली तरी बोलायला जीभ रेटत नाही, हे खरं आहे. “तुम्हाला काय कळतंय ताई?” असं म्हणतील. घरातलेही म्हणतील, “त्यांच्या कामात कशाला पडतेस?” अशा वेळी वाद घालायचा नाही. एवढंच म्हणायचं: “दादा, बेल्ट बांधल्याशिवाय माझ्या घरावर कुणी चढायचं नाही. उशीर झाला तरी चालेल.” आवाज चढवायची गरज नाही, फक्त शिडी काढून ठेवायची.

खरी ताकद पैशात आहे. म्हणून काम ठरवतानाच चार गोष्टी कागदावर आणा: कामगारांना बेल्ट-हेल्मेट ठेकेदार देईल, त्यांचा अपघात विमा असेल, तीन अर्थिंग मोजून दाखवली जातील, आणि पैसे टप्प्याने मिळतील. ठेकेदार योजनेच्या पोर्टलवर नोंदणी झालेलाच हवा. शेवटचा टप्पा सगळं तपासून, नेट मीटर लागल्यावरच द्यायचा. स्वस्तात करून देणारा कुठे काटकसर करणार, हे आता तुम्हाला माहीत आहे: बेल्टमध्ये, तारेत आणि अर्थिंगमध्ये.

गटाच्या बैठकीसाठी

हा पाठ पुढच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. मग खालचे प्रश्न ज्यांच्या घरी सोलर बसतंय किंवा बसलंय त्यांना विचारावेत. सोलरसाठी गटातून कर्ज दिलं असेल तर शेवटचा हप्ता सोडण्याआधी या यादीवर खूण करून ती कर्जाच्या कागदांना जोडावी, असा ठराव ग्रामसंघाने करायला हरकत नाही.

१. छत तपासलं का? सिमेंटचा पत्रा असेल तर फळ्या टाकल्या का?
२. प्रत्येक कामगाराला पूर्ण अंगाचा बेल्ट आहे का, आणि त्याची दोरी कुठे बांधलीय?
३. शिडी, हेल्मेट, बूट ठीक आहेत का?
४. जवळच्या तारेची लाइन बंद करून घेतली का?
५. सगळे जोड कनेक्टरने झालेत का? तारा पाइपात आहेत का?
६. तीन अर्थिंगचे फोटो आणि ओहमचे आकडे वहीत आहेत का?
७. सांगाडा वाऱ्याला टिकण्याचं लेखी आहे का?
८. इन्व्हर्टरजवळ कापूस, कडबा, गॅस नाही ना?
९. नेट मीटर लागण्याआधी सोलर सुरू केलेलं नाही ना?
१०. बंद कसं करायचं ते घरात किती जणांना येतं?

दहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘एकालाच’ असं आलं, तर त्या घरी बैठक संपल्यावर दोघी-तिघींनी जावं आणि सगळ्या घराला शिकवून यावं.